जुनी टार्गेट एअर पिस्तुलं आणि त्यांचे मूळ कागद: जर्मनीत नव्याने जमवायला लागणाऱ्यांसाठी

मी मूळचा कोल्हापूरचा, गेली नऊ वर्षं श्टुटगार्टजवळ राहतोय आणि त्यातली सहा वर्षं जुनी टार्गेट एअर पिस्तुलं जमवतोय. आज अकरा आहेत. त्यातल्या सातांचे मूळ कागद पूर्ण आहेत आणि कोणी बघायला आलं की मी आधी त्या सातांचीच फाइल काढतो, पिस्तुलं नंतर.

कोल्हापुरात वाढलेल्याला नेमबाजी नवीन नसते. तेजस्विनी सावंतने २०१० साली वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली ती म्युनिकमधे, त्यामुळे इथे आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मी म्युनिकजवळच्या होखब्र्युकची ती रेंज बघायला गेलो, १९७२ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेली. तिथून नाद लागला. गणपतीत मंडळात भेटले की दोघंतिघं तरी विचारतात की अरे हे कायदेशीर आहे का, कुठून घेतोस, किती पैसे पडतात, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून टाकतोय. मी सुरुवातीला ज्या चुका केल्या त्यात पैसे गेले ते ठीक आहे, पण एका पिस्तुलाचे कागद कायमचे हातचे गेले त्याची हळहळ अजून वाटते.

१. आधी कायदा समजून घ्या, मग वेबसाइट उघडा

जर्मनीत एअर पिस्तूल विकत घ्यायला लायसन्स लागत नाही, पण त्याला अटी आहेत. वय १८ पूर्ण पाहिजे. ताकद ७.५ ज्यूलपर्यंत पाहिजे आणि पिस्तुलावर पंचकोनात एफ हा शिक्का पाहिजे. जुनी टार्गेट पिस्तुलं ताकदीत या मर्यादेच्या खूप खाली असतात, दहा मीटरवर कागद फोडायला ताकद लागतच नाही, म्हणून तो प्रश्न येत नाही. प्रश्न येतो शिक्क्याचा.

हा शिक्का १९७० पासूनचा आहे. १ जानेवारी १९७० च्या आधी बाजारात आलेल्या पिस्तुलांवर तो नसतो आणि त्यांना तो लागतही नाही. पूर्व जर्मनीतल्या मालासाठी ही तारीख वेगळी आहे, २ एप्रिल १९९१. आता गंमत बघा, एखादं मॉडेल १९६५ ला निघालं आणि पुढे वीस-पंचवीस वर्षं बनत राहिलं, तर समोरचं बिनशिक्क्याचं पिस्तूल १९६८ चं आहे का १९७५ ला परदेशी विकलेलं आणि नंतर कोणीतरी परत आणलेलं आहे हे नुसतं बघून कसं कळणार? १९७५ चं असेल तर ते लायसन्सशिवाय बाळगणं गुन्हा आहे. इथे जुनं बिल कामाला येतं. दुकानाचा शिक्का, तारीख आणि पिस्तुलाचा नंबर असलेला एक पिवळा पडलेला कागद म्हणजे तुमचा कायदेशीर पुरावा. कागदांचा हट्ट मी का धरतो त्याचं पहिलं कारण हे.

बिनशिक्क्याचं आणि बिनकागदाचं पिस्तूल कितीही स्वस्त मिळालं तरी नवीन माणसाने घेऊ नये. शिक्का स्वतः मारून घेऊ असा विचार तर मनातसुद्धा आणू नका.

खऱ्या काडतुसाची टार्गेट पिस्तुलं, म्हणजे पॉइंट टू टू वगैरे, हा पूर्ण वेगळा रस्ता आहे. त्याला वाफनबेझित्सकार्टे म्हणजे शस्त्र बाळगण्याचा परवाना लागतो, गरज सिद्ध करावी लागते आणि संग्राहकांसाठी लाल रंगाचं वेगळं कार्ड असतं. मी त्या वाटेला गेलेलो नाही आणि सुरुवातीला तुम्हीही जाऊ नका.

२. सुरुवात या तीन कंपन्यांपासून करा

पुस्तकं वाचत बसलात तर शंभर मॉडेलं सापडतील. मी म्हणेन पहिली दोन वर्षं फक्त तीन नावं डोक्यात ठेवा.

फायनवेर्कबाऊ ६५. ओबर्नडोर्फ आम नेकार या गावातलं, म्हणजे रायफलींसाठी प्रसिद्ध असलेल्या माउजर कंपनीच्या गावातलं. १९६५ ला आलं आणि त्याने नेमबाजांची दुनिया बदलली. डाव्या बाजूला लांब लिव्हर असते, ती मागे ओढून स्प्रिंग ताणायची. गोळी सुटते त्या क्षणी नळीसकट वरचा सगळा भाग रुळांवरून थोडा मागे सरकतो आणि धक्का तिथेच जिरतो, हाताला काही म्हणजे काहीच जाणवत नाही. पहिल्यांदा चालवलं तेव्हा मला वाटलं गोळी सुटलीच नाही! बऱ्याच नगांवर ट्रिगरचं वजन बदलायची छोटी कळ असते, ५०० ग्रॅम आणि १३६० ग्रॅम. ५०० ग्रॅम हे एअर पिस्तुलाच्या स्पर्धेचं किमान वजन, आणि १३६० हे मोठ्या काडतुसी पिस्तुलाच्या सरावासाठी. नवीन माणसाने पहिलं पिस्तूल हेच घ्यावं असं माझं ठाम मत आहे, कारण ते दणकट आहे, भरपूर बनलंय आणि कागदांसकट अजून मिळतं.

डायना मॉडेल ६ आणि नंतरचं १०. रास्टाटचं. यात दोन पिस्टन एकमेकांच्या उलट दिशेला धावतात, एकाचा धक्का दुसरा मारतो, गिस सिस्टिम म्हणतात तिला. डोकं कोणी लावलं असेल बघा. पण यांची हवा अडवणारी प्लास्टिकची सीलं वयानुसार भुगा होतात. लिव्हर नीट बसते, आवाज येतो, पण गोळी पुठ्ठ्यातच अडकते, असं दिसलं की सील गेलंय समजा. दुरुस्ती होते, पण दोन पिस्टनची जुळणी चुकली की संपलं, म्हणून घरी उघडू नका. अजून एक, याच पिस्तुलांवर कधी ओरिजिनल, कधी विंचेस्टर, कधी हाय-स्कोअर असं नाव दिसेल. महायुद्धानंतर डायना हे नाव आणि मशिनरी ब्रिटिशांकडे गेली, म्हणून रास्टाटच्या कारखान्याला बाहेर आपलाच माल दुसऱ्या नावांनी विकावा लागला, ते नाव १९८४ ला परत मिळालं. त्यामुळे वेगळं नाव दिसलं म्हणून नकली समजू नका. डायनावर बहुतेक वेळा बनवल्याचा महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं, चार आकडे, ते शोधा.

वाल्थर एलपी ५३. उल्मचं. लांब नळीचं, देखणं. जेम्स बाँडच्या जाहिरातीच्या फोटोंत शॉन कॉनरीने हातात धरलंय ते हेच, आणि फोटोतला तो नग २०१० साली लंडनच्या लिलावात अडीच लाख पौंडांच्या वर गेला. त्यामुळे ५३ ला मागणी आणि भाव दोन्ही चढे असतात. नळी मोडून ताणायचं असतं आणि हाताला लागू नये म्हणून नळीच्या तोंडावर बसवायचा एक लाकडी गट्टू पेटीत यायचा. तो गट्टू हमखास हरवलेला असतो. गट्टू, नळीवर लावायची वजनं आणि पेटी सगळं असेल तरच ५३ ला पूर्ण म्हणा. वाल्थरची नंतरची एलपी २ आणि ३ हवा दाबून चालणारी आहेत, छान आहेत, पण ती पुढच्या टप्प्यावर.

३. मूळ कागद म्हणजे नक्की कोणते

- शुसबिल्ड, म्हणजे कारखान्यात चाचणी करताना मारलेलं टार्गेट. हा सगळ्यांचा राजा.
- मॅन्युअल, जर्मनमधे बेडीनुंग्सअनलाइटुंग.
- गॅरंटी कार्ड, दुकानाच्या शिक्क्यासकट.
- विकत घेतल्याचं बिल.
- पेटी. हो, पेटीला मी कागदातच धरतो, कारण अनेक पेट्यांवर नंबर लिहिलेला असतो.
- मालकाचे स्वतःचे कागद: क्लबच्या स्पर्धेची स्कोअरकार्डं, दुरुस्तीच्या पावत्या, स्पेअर पार्टसाठी कारखान्याशी झालेला पत्रव्यवहार.

शुसबिल्डबद्दल थोडं जास्त सांगतो. पिस्तूल पकडीत घट्ट बसवून दहा मीटरवरून पाच गोळ्या मारायच्या आणि तो पुठ्ठा त्याच पिस्तुलाच्या पेटीत टाकायचा, वर नंबर, कधी तपासणाऱ्याची सही. माझ्या पहिल्या ६५ चं शुसबिल्ड आत्ता समोर आहे. पाच गोळ्यांचं मिळून एकच भोक पडलंय, शर्टाच्या बटणाहून लहान, कडा तीन पाकळ्यांसारखी, आणि भोकाच्या भोवती करड्या रंगाचं बारीक वलय आहे ते गोळीच्या शिशाचं. खाली निळ्या शाईत नंबर. सातचा आकडा मधे रेघ देऊन काढलाय, जर्मन लोक काढतात तसा. कोणीतरी तिथे उभं राहून हे हातातून जाऊ दिलंय, ते माणूस आता असेल नसेल.

नंबर जुळला पाहिजे. पिस्तुलावरचा, शुसबिल्डवरचा, गॅरंटी कार्डावरचा आणि बिलावरचा, जितके मिळतील तितके. एक जरी जुळत नसेल तरी विकणाऱ्याला विचारा.

मी फसलो तो इथेच. एका डीलरकडून दुसरं पिस्तूल घेतलं, तेही ६५ च, पेटी चकचकीत, शुसबिल्ड आहे, मॅन्युअल आहे, मी खूश, नंबर बघितलाच नाही. घरी येऊन बघतो तर शुसबिल्ड भलत्याच पिस्तुलाचं. फोन केला तर म्हणाला पेटीत होतं तसं दिलं. म्हणजे माझ्याकडे कोणाचा तरी पुठ्ठा आहे आणि माझ्या पिस्तुलाचा पुठ्ठा कुठेतरी गेला तो गेलाच. कोणीतरी दहा पिस्तुलांच्या पेट्या एकदम उघडून कागद परत कसेही भरले असणार. दोन पिस्तुलं एका फटक्यात अनाथ झाली, त्याचं वाईट वाटतं.

४. कुठे शोधायचं

ईगन ही शस्त्रांच्या लिलावाची जर्मन साइट आहे, तिथे रोज काहीतरी येतं. तिथे महिनाभर फक्त बघा, बोली लावू नका. कुठलं मॉडेल किती वेळा येतं, कागदांसकट किती वेळा येतं, भाव कुठे बंद होतो हे वहीत लिहा. साध्या नगाच्या आणि पूर्ण कागदांच्या नगाच्या भावात किती फरक पडतो ते तुम्हालाच दिसेल.

पण माझी सगळ्यात चांगली तीन पिस्तुलं मिळाली ती गावातल्या श्युत्सेनफेराइनमधून, म्हणजे नेमबाजीच्या क्लबातून. इथे जवळपास प्रत्येक गावात असा क्लब आहे, काही तर दीडशे वर्षांहून जुने. मेंबर व्हा, शिका, शुक्रवारी संध्याकाळी जाऊन बसा, जर्मन मोडकंतोडकं असलं तरी चालतं. वयस्कर मंडळींना कळलं की हा पोरगा जुन्या पिस्तुलांचे कागदसुद्धा जपतो की मग कोणाच्या तरी माळ्यावरची पेटी आपोआप निघते.

अशाच एका आजीबाईंकडे मी गेलो होतो. नवरा वारल्यावर चार वर्षं पिस्तूल कपाटात होतं. त्यांनी किचनच्या टेबलावर पेपर अंथरला, पेटी ठेवली आणि आधी कॉफी प्या म्हणाल्या. पेटीत पिस्तूल, शुसबिल्ड, बिल सगळं होतं आणि मी निघताना त्या आत जाऊन बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या, त्यात नवऱ्याची तीस वर्षांची स्कोअरकार्डं. हे फेकणार होते, तुम्हाला लागतील का, असं विचारलं. म्हणून सांगतो, कोणाच्या घरून घेत असाल तर शेवटी एकदा तरी विचारा की अजून काही कागद, वह्या, मेडलं आहेत का. घरच्यांना वाटतं पिस्तूल ही वस्तू आणि बाकी रद्दी.

आणि अशा घरात घासाघीस करायची नाही. योग्य भाव तुम्हाला माहीत असतो, त्यांना नसतो, तर तुम्हीच तो सांगायचा.

५. बघायला जाताना

सोबत न्या: भिंग, छोटी टॉर्च, स्वच्छ सुती कापड, पातळ हातमोजे, वही, पेन्सिल, फोनचा कॅमेरा. पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड. खरेदीपत्राच्या दोन कोऱ्या प्रती. आणि कुलूप लागणारी पिस्तुलाची केस, ही विसरलात तर घेतलेलं पिस्तूल घरी नेता येणार नाही.

पिस्तूल हातात घेतलं की पहिलं काम ते रिकामं आहे का बघणं, नळीचं तोंड माणसांकडे नाही, बोट ट्रिगरवर नाही. साठ वर्षं जुनं असलं तरी नियम तोच. स्प्रिंगचं पिस्तूल गोळीशिवाय चालवून बघू नका, पिस्टन आत आपटतो आणि सील, स्प्रिंग दोन्हीचं नुकसान होतं. चालवून बघायचं तर क्लबच्या रेंजवर, गोळी घालून. गोळी भरताना लिव्हर हातात धरून ठेवायची, सोडायची नाही.

मग भिंगाने नंबर आणि एफचा शिक्का बघा. पुन्हा पॉलिश केलेल्या लोखंडावर शिक्क्याच्या कडा बोथट झालेल्या दिसतात. स्क्रूच्या खाचा बघा, खराब असतील तर कोणीतरी चुकीच्या स्क्रूड्रायव्हरने उघडलंय. पेटीतल्या फोमखालचं लोखंड आवर्जून बघा. जुना फोम विरघळून काळा चिकट होतो आणि त्याखाली गंज बसतो, वरून मात्र पिस्तूल नवीन दिसतं.

मूठ कोरलेली किंवा पुटी लावून भरलेली असेल तर बरेच लोक नाक मुरडतात. मी नाही. नेमबाज आपल्या हाताप्रमाणे मूठ घासतोच, ती त्याच्या हाताची खूण आहे. भाव थोडा कमी होतो एवढंच. मात्र विक्रेता तिला कारखान्याची मूठ म्हणत असेल तर मान्य करू नका.

कागदही तसेच बघा. मॅन्युअलच्या नवीन छापलेल्या कॉप्या भरपूर फिरतात, वापरायला चांगल्या, पण मूळ म्हणून विकल्या जातात तेव्हा त्रास. भिंगाखाली फोटोतले छपाईचे ठिपके बघा, झेरॉक्समधे ते एकमेकांत मिसळून चिखल झालेला असतो. स्टेपल काढून परत मारलेत का बघा. शुसबिल्डवर शिशाचं वलय आहे का, शाईचा दाब मागच्या बाजूला बोटाला जाणवतो का.

फोनवर विचारायला एक वाक्य पाठ करून ठेवा: इस्ट दास ओरिगिनाल-शुसबिल्ड डाबाय, उंट पास्ट दी नुमर? म्हणजे मूळ शुसबिल्ड सोबत आहे का आणि नंबर जुळतो का. उत्तरादाखल फोटो मागा, दोन्ही नंबर एकाच फोटोत दिसतील असा. नंबर दाखवायला टाळाटाळ करणाऱ्याकडून मी घेत नाही.

६. खरेदीपत्र आणि घरी आणणं

लायसन्स लागत नसलं तरी खरेदीपत्र कराच. त्यात दोघांची नावं, पत्ते, ओळखपत्राचा नंबर, कंपनी, मॉडेल, कॅलिबर ४.५ मिलीमीटर, पिस्तुलाचा नंबर, एफचा शिक्का आहे का १९७० आधीचं आहे ते, रक्कम, तारीख, सह्या. आणि त्याखाली सोबत मिळालेला एकेक कागद वेगळा लिहा. हे खरेदीपत्रसुद्धा पन्नास वर्षांनी कोणासाठी तरी मूळ कागदच होणार आहे, म्हणून घाईत, गिचमिड अक्षरात लिहू नका.

ऑनलाइन घेतलं तर विक्रेता वयाचा पुरावा मागतो. ओळखपत्राची कॉपी पाठवताना लागणार नाही ती माहिती झाका आणि कशासाठी दिली ते कॉपीवर आडवं लिहा. पार्सल १८ वर्षांवरच्या माणसाच्याच हातात देणारी सेवा निवडायला सांगा, आणि कागद त्याच खोक्यात पण वेगळ्या पुठ्ठ्याच्या पाकिटात. एकदा एकाने मॅन्युअल थेट तेल लावलेल्या पिस्तुलाला गुंडाळून पाठवलं होतं, त्या तेलाचा डाग कायमचा राहिला.

रस्त्याने नेताना पिस्तूल रिकामं आणि कुलूपबंद केसमधे. बाहेर फोटो काढायला, मित्रांना दाखवायला बागेत वगैरे अजिबात काढायचं नाही. घरीही कुलपात, लहान मुलं असतील तर चावी वेगळ्या जागी. स्वतःच्या आवारात चालवायला परवानगी आहे, पण गोळी आवाराबाहेर जाऊ शकणार नाही अशी सोय पाहिजे, आणि भाड्याच्या फ्लॅटमधे असाल तर सरळ क्लबवर जा.

सुट्टीला भारतात येताना बॅगेत टाकून आणू का, असं मला दर वर्षी कोणीतरी विचारतं. आणू नका. भारतात ४.५ मिलीमीटरच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर वेपनला लायसन्समधून सूट आहे हे खरं, पण ती सूट बाळगण्याची, बाहेरून आयात करणं ही वेगळी भानगड आहे आणि एअरपोर्टवर कस्टम्ससमोर ती समजून घ्यायची वेळ आणू नका. इंग्लंडमधल्या मंडळींसाठी एकच, तिथे एअर पिस्तुलाची मर्यादा ६ फूट-पाउंड आहे आणि डीलरकडून माल समोरासमोरच ताब्यात घ्यावा लागतो. स्कॉटलंडमधे २०१६ च्या अखेरीपासून एअर वेपनला सर्टिफिकेट लागतं.

७. कागद आणि पिस्तूल जपणं

कागद लॅमिनेट करू नका. सेलोटेप लावू नका, फाटलं असेल तर तसंच राहू द्या. पंच करून फाइलला लावू नका. अ‍ॅसिड-फ्री पाकिटं किंवा पॉलिएस्टरचे स्लीव्ह मिळतात त्यात ठेवा, पीव्हीसीचे स्वस्त फोल्डर शाई ओढून घेतात. शुसबिल्ड फ्रेम करून भिंतीवर लावायचा मोह मलाही झाला होता, पण उन्हाने बॉलपेनचा नंबर फिका पडतो आणि नंबर गेला की तो नुसता भोक पडलेला पुठ्ठा. भिंतीवर कलर प्रिंट लावा, मूळ अंधारात ठेवा. सगळ्याचं स्कॅन करा, मागची बाजूसुद्धा.

पिस्तूल मूळ पेटीत कायम ठेवू नका, फोममुळे. पेटी वेगळी, पिस्तूल वेगळं, सोबत सिलिका जेल. लोखंडावर पातळ तेलाचा हात, पण हवेच्या सिलेंडरमधे कुठलंही तेल सोडू नका, गोळीमागे ते पेट घेतं आणि सील जातं. शिशाच्या गोळ्या हाताळल्यावर साबणाने हात धुवा.

८. नोंदवही

प्रत्येक पिस्तुलाला एक पान. नंबर, कधी, कोणाकडून, किती किमतीला, कोणते कागद आले, कोणते नाहीत. नाहीत ते लिहिणं जास्त महत्त्वाचं. माझ्या त्या दुसऱ्या पिस्तुलाच्या पानावर वर लाल पेन्सिलीने लिहिलंय: शुसबिल्ड दुसऱ्याचं आहे, खरा मालक सापडला तर द्यायचं. दर महिन्याला ईगनवर त्या पुठ्ठ्यावरचा नंबर शोधतो, क्लबात कोणी ६५ घेऊन आलं की आधी नंबर बघतो. तुमच्याकडेही असा न जुळणारा पुठ्ठा असेल तर फेकू नका, विकू नका, त्याचा नंबर लिहून ठेवा आणि भेटेल त्या ६५ वाल्याला विचारत राहा.